खड्ड्यातली ओल

गुणाबाईला काळजी करायला कारण लागत नसे. दूध उतू गेलं तर तिला घोर लागायचा, आणि नाही गेलं तरी लागायचा. आज पाणी जास्त पडलं असणार म्हणून. शेजारची रुक्माबाई म्हणायची, "गुणाबाई, तुमच्या घरात तुळशीला पाणी घालायच्या आधी काळजीला घालत असतीला." गुणाबाई हसायची. पण हसता हसता तिचा एक कान मधल्या खोलीकडे असायचा.

मधल्या खोलीत नवऱ्याचा माग होता. वडगावात तेव्हा अजून बरेच खड्डामाग होते. जमिनीत कमरेएवढा खड्डा, काठावर विणकर बसलेला, पाय खाली सोडून पावड्या दाबणारा. आणि समोर जमिनीपासून वीतभर उंचीवर ताणलेले उभे धागे, म्हणजे ताणा. तम्माण्णा वयाच्या बाराव्या वर्षापासून त्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. आडवा धागा घेऊन धोटा गेला की खट्, तो ठोकायला फणी आली की धप्. खट् धप्, खट् धप्. स्वयंपाकघरात भाकरी थापताना गुणाबाईचे हात त्याच तालावर चालायचे. आवाज थांबला की धागा तुटला असं समजायचं, आणि तो जोडून आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत भाकरी तशीच हातात.

जुनं घर मातीच्या भिंतींचं आणि कौलारू होतं. मागाच्या बरोबर वर एक काचेचं कौल बसवलेलं. त्यातून उजेडाचा चौकोन ताण्यावर पडायचा आणि दिवसभर सरकत राहायचा. दिवा लागायचा तो संध्याकाळी. पण दोन्ही अंगांना यंत्रमाग आले आणि त्या घराची दैना सुरू झाली. यंत्रमागांच्या दणक्यानं कौलं जागची हलायची. पावसाळ्याआधी सगळी परतून बसवली तरी आषाढात कुठून तरी धार लागायचीच. एकदा ती ऐन ताण्यावर लागली. रंग उतरून साडीच्या पदरावर डाग पडला. त्या दिवसापासून गुणाबाईनं एकच धोशा लावला, "स्लॅब घालायचा."

"कौलाखाली काय वाईट हाय?" तम्माण्णा म्हणायचा.

"गळतंय ते वाईट हाय."

मागच्या परसाची जागा शेजारच्या यंत्रमागवाल्याला विकून टाकली आणि पंचाहत्तर सालच्या दिवाळीनंतर काम काढलं. गवंडी सत्याप्पा जवळच्या मच्छे गावचा. गुणाबाईला तो मानलेल्या नात्यानं आक्का म्हणायचा आणि तिच्या कटकटीला भावासारखाच वैतागायचा. सळ्या किती घातल्यास, भिंत वाकडी न्हाय न्हवं, पाणी मारलंस का? पाडकामात निघालेलं काचेचं कौल तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीखाली सारलं. आता त्याचं काय काम, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

नव्या घरात खड्डा जुन्याच जागी ठेवायचा, हे ठरलेलं होतं. त्या खड्ड्याचीच गुणाबाईला सगळ्यात जास्त धास्ती. त्यात बारमाही ओल असायची. बाजू काळ्या, हात लावला तर गार. तम्माण्णाच्या पायांच्या बोटांत कायम चिखल्या. घोटे सुजायचे. ती रात्री तेल चोळताना अंगठा दाबून बघायची, तर मांसात खळगा पडून राहायचा, कणकेत पडावा तसा. डॉक्टर म्हणाले होते, पाय ओलीत ठेवू नका. आता विणकरानं पाय ठेवायचे तरी कुठे?

तम्माण्णा सूत आणायला शहापूरला गेला होता तेव्हा तिनं सत्याप्पाला गाठलं.

"खड्ड्याला बी सिमेंट कर रं."

"खड्ड्याला? आक्का, आजवर कुणी केलं न्हाय."

"मग तू कर. चारी बाजू आन् तळ. गुळगुळीत कर, मुंगीला बी वाट ऱ्हायला नगो. त्येंचं पाय कोरडं ऱ्हायला पायजेत."

सत्याप्पानं केलं. तम्माण्णानं परत आल्यावर काठावर बसून पाय खाली सोडले, बोटं हलवली, आणि म्हणाला, "साहेबाच्या कचेरीत बसल्यावानी वाटतंय की गं." इतकं कौतुक त्याच्या तोंडून तिनं लग्नानंतर ऐकलं नव्हतं. दोन महिन्यांत चिखल्या सुकल्या. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा पडेना. आपल्या हातून एक तरी गोष्ट पुरती नीट झाली, असं तिला वाटलं, आणि असं वाटलं म्हणूनच थोडी भीतीही वाटली.

स्लॅबखाली ती पहिले आठ-दहा दिवस झोपलीच नव्हती. बाहेरच्या सोप्यात अंथरूण टाकायची. "डोक्यावर रस्ता बांधल्यागत वाटतंय," म्हणायची. मग त्याचीही सवय झाली.

शिमगा झाला आणि ऊन चढलं. कौलं संध्याकाळ झाली की निवायची. स्लॅब मात्र दिवसभर ऊन पिऊन ठेवायचा आणि दिवेलागणीनंतर घरावर ओतायचा. काचेचं कौल गेल्यामुळे मागावर दिवसाही बल्ब लागायचा. त्याची धग वेगळी. तम्माण्णाच्या कपाळावरचा घाम ताण्यावर टपकायचा.

यंत्रमागाच्या कारखान्यात लागलेला धाकटा दीर भरमा एका रविवारी पंखा घेऊन आला. "वैनी, नव्या घराला माझ्याकडनं. दादा आता वाऱ्याखाली इणणार. आमच्या मालकाच्या खुर्चीपाशी बी असाच हाय."

पंखा मागाच्या बाजूला स्टुलावर ठेवला. वारा सुटला. तम्माण्णानं डोळे मिटून घेतले, आणि गुणाबाईनं मनात भरमाला आशीर्वाद दिले.

त्या आठवड्यापासून धागे तुटायला लागले.

आधी दिवसातून काही वेळा, ते तर तुटतातच. मग भाकरीगणिक. खट् धप्, खट् धप्, आणि थांबलं. तिचा हात थांबला. सुरू झालं. पुन्हा थांबलं. भाकरी तव्यावर करपायची, पण तिचं लक्ष त्या थांबण्यात. जणू घरात कुणी तरी श्वास घेता घेता मधेच अडकत होतं.

"खळ," तम्माण्णा एक दिवस म्हणाला.

"काय झालं खळीला?"

"मला काय इचारतीस? खळ तूच शिजवतीस न्हवं?"

तांदळाची खळ तीच शिजवायची, लग्न होऊन आली तेव्हापासून. पहाटे गल्लीत ताणा पसरायचा आणि दोघांनी मिळून त्याला खळ चोळायची. धागा गुळगुळीत व्हावा, फणीत घासून तुटू नये म्हणून. तिच्या खळीला गल्लीत नाव होतं. आता तिलाच खात्री वाटेना. तांदूळ जुना होता का? जास्त शिजली का? तिनं पातळ खळ करून मागावरच्या ताण्याला वरून ब्रशनं लावून बघितली. पंख्याच्या वाऱ्यावर ती चटकन वाळली आणि धागे काड्यांसारखे कडक झाले. त्या दिवशी सगळ्यात जास्त तुटले.

रुक्माबाई दारात येऊन म्हणाली, "काय हो, खळ चुकली म्हणं?" गल्लीला कळलंच होतं तर.

त्यावेळी मागावर शहापूरच्या शेटजींचा ताणा होता. लग्नघरच्या साड्या, सुती अंगाच्या आणि रेशमी काठांच्या. शेटजींचा मुनीम आला. विणून झालेला भाग उलगडून त्यानं दाराच्या उजेडात धरला. गाठी उजेडात मोहरीसारख्या दिसत होत्या.

"तम्माण्णा, ह्या तुमच्या हातच्या?"

तम्माण्णानं एका गाठीवरून नख फिरवलं.

"पुढच्या शनिवारी येतो. साडी नीट उतरली तर ठीक. न्हायतर शेटजींनी ताणा परत आणायला सांगितलंय. आमाला बी लग्नघराला तोंड द्यायचं असतंय."

ताणा परत गेला म्हणजे काय, हे घरातल्या दोघांनाही सांगावं लागत नव्हतं. रिकामा झालेला माग त्या दिवसांत कुणी पुन्हा भरून देत नव्हतं. गल्लीतले तीन खड्डे असेच रिकामे होऊन बुजले होते, आणि त्यांचे मालक यंत्रमागावर हजेरी लावत होते.

भरमानं तेच काढलं. कानातले कापसाचे बोळे काढत म्हणाला, "दादा, आमच्या खात्यात जागा हाय. धागा तुटला तर यंत्र आपोआप थांबतंय. डोस्क्याला ताप न्हाय."

"माझ्या डोस्क्याला सवय हाय तापाची," तम्माण्णा म्हणाला. पण भरमा गेल्यावर त्यानं धोटा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. गुणाबाईनं ते बघितलं. यंत्रमागाच्या त्या गोंगाटात, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, हा माणूस दिवसभर उभा आहे असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं.

मंगळवारी सकाळी तम्माण्णा शेटजींकडे मुदत वाढवून मागायला गेला. तुटलेली टोकं जोडून ठेवावीत म्हणून गुणाबाई त्याच्या जागेवर बसली. पाय खड्ड्यात सोडले. पंखा चालूच होता. एक टोक चिमटीत धरून पीळ द्यायला गेली, तर ते चिमटीतच मोडलं. दुसरं घेतलं. तेही मोडलं. तुटलं नाही, मोडलं, वाळक्या पानासारखं.

पान. तिचे हात थांबले.

तिचं माहेर निपाणीचं. वडील तंबाखूच्या वखारीत होते. लहानपणी ती त्यांची भाकरी घेऊन जायची. एकदा उन्हाच्या वेळी हौसेनं तंबाखूच्या पेंढीला हात लावला, तर पानाची मुठीत भुकटी झाली. वडिलांनी मारलं नाही, पण वखारीचं दार घाईनं लावून घेतलं. "कोरडा वारा सुटलाय पोरी. आता पानाला हात लावायचा न्हाय. सकाळी दवाची ओल असती, पान लुगड्यागत मऊ असतंय. तवाच काय उलथापालथ करायची ती करायची." दुपारी वखारीत वारा घ्यायला बायका पदर हलवायच्या, तर मुकादम ओरडायचा.

तिनं उठून पंखा बंद केला. पुन्हा बसली, आणि या वेळी पायांकडे लक्ष दिलं. तळवे सिमेंटवर टेकले होते. सिमेंट कोमट होतं, घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं कोरडं. जुन्या खड्ड्यात पाय सोडले की माठाखालच्या वाळूत रोवल्यासारखं वाटायचं. ती ओल वर यायची, ताण्याच्या पोटाला लागायची, आणि सूत मऊ राहायचं. ती ओल येत राहिली असती तर स्लॅबच्या घरातसुद्धा कदाचित निभावलं असतं. पण त्या ओलीचं तोंड तिनंच बांधून टाकलं होतं.

खळ चुकली नव्हती. या गोष्टीचा तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. खळ चुकली असती तर दुसरी शिजवता आली असती.

तिनं घाईघाईनं कळशी आणून खड्ड्यात पाणी ओतलं. पाणी तळाशी तसंच उभं राहिलं, आत न बोलावलेल्या पाहुण्यासारखं. सिमेंट थेंबभरही प्यालं नाही. तिनं ते फडक्यानं टिपून काढलं. आता काय? फोडायचं? मग पाय? पुन्हा चिखल्या, पुन्हा सूज, आणि डॉक्टरांचं ते बोलणं. ताणा वाचवावा तर पाय जातात, पाय वाचवावेत तर माग. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणेल, ऱ्हाऊ दे. काय ऱ्हाऊ दे म्हणेल, हेच तिला कळत नव्हतं.

सत्याप्पा दोन गल्ल्या पलीकडे काम करत होता. ती चप्पल न घालताच गेली.

"फोडायचं?" सत्याप्पा म्हणाला. "आक्का, तूच म्हणालतीस मुंगीला वाट नगो."

"म्हणालते. आता फोड म्हणती. भिंत पडंल का? स्लॅब खाली येईल का?"

"स्लॅब न्हाय येत खाली. पाया हातभर लांब हाय. पर उद्या भिंतीला ओल चढली तर माझ्या नावानं बोंब मारायची न्हाय."

"तुझ्या नावानं न्हाय, माझ्याच नावानं मारीन. चल."

खड्ड्याशी उभं राहून सत्याप्पानं छिन्नी काढली आणि मग त्याच्या लक्षात आलं. "वर ताणा हाय की गं! एक कपची उडाली तर ईस धागं जातील."

ताणा काढता येत नव्हता. गुणाबाईनं आपलं एक नऊवारी लुगडं भिजवून पिळलं, चौघडी केली आणि ताण्याखाली दोन्ही हातांनी ताणून धरलं. सत्याप्पा खड्ड्यात वाकला. पहिला घाव पडला आणि तिनं डोळे मिटले. दुसरा. कपच्या ओल्या कापडावर तडतड येऊन पडत होत्या. तिचे हात जरा खाली आले की सत्याप्पा ओरडायचा, "वर धर, वर!"

एक मोठा तुकडा सुटला. मागची माती काळीभोर होती. तिनं वाकून बोट लावलं. गार. उन्हाळा, स्लॅब, सिमेंट, सगळं असूनही ती माती आत ओली राहिली होती.

"आता तळ," सत्याप्पा म्हणाला.

"थांब." तिच्या मनात एकदम आलं. "पाय तळाला टेकत्यात. बाजूला न्हाय टेकत. तळ ऱ्हाऊ दे तसाच."

"अर्धं ठेवायचं, अर्धं फोडायचं! गवंड्याची इज्जत काय ऱ्हायली?" पण तो बाजूंवरच चालला.

तिसरी बाजू निम्मी झाली असताना तम्माण्णा दारात उभा राहिला. त्याच्या मागातून सत्याप्पाचं डोकं वर आलेलं, पांढरं, सिमेंटच्या धुळीनं माखलेलं. आणि बायको ओलं लुगडं धरून, रडवेली.

"माझ्या मागाखाली काय खणतोयस रं?"

सत्याप्पानं छिन्नीनं गुणाबाईकडे बोट केलं.

"मीच सांगितलं," ती म्हणाली. हात खाली घेता येत नव्हते. "खळ न्हाय चुकली. ही ओल पायजे व्हती धाग्याला. मी बंद केली. पंखा बी नगो. आमचं आप्पा वखारीत..."

तम्माण्णा आला. खाली बसून उघड्या मातीवर तळहात ठेवला. मग विचारलं, "आन् पाय?"

"तळ ठेवलाय," एवढंच ती म्हणाली.

"मुदत न्हाय वाढवली शेटजीनं," तो म्हणाला. मग तिच्या हातातल्या लुगड्याचं एक टोक त्यानं धरलं. "त्या कोपऱ्यात जपून रं सत्याप्पा. तिथं काठाचं रेशीम हाय."

दुसऱ्या दिवशी काही बदललं नाही. धागे तुटतच राहिले, आणि गुणाबाईची खात्री झाली की आपण खड्डाही घालवला. तिनं मातीच्या बाजूंवर पाणी शिंपडलं, खिडकीला ओलं पोतं टांगलं, दुपारी दारं लावून घेतली. तम्माण्णाच्या पायाखाली सागाची फळी ठेवली. भरमाचा पंखा सोप्यात नेला. भरमा फुगला, पण जेवायला थांबला. गुरुवारी ती ज्वारी निवडत बसली होती. कधी तरी तिच्या लक्षात आलं की सूप निवडून रिकामं झालंय आणि आपण अजून एकदाही थांबलेलो नाही. खट् धप्, खट् धप्. ती जागची हलली नाही, जणू आपण उठलो तर ते तुटेल.

शनिवारी मुनीम आला. साडी उजेडात धरली. पदराकडचा भाग गाठींचा होताच. पुढे सरकेल तसतशा त्या विरळ होत गेल्या आणि मग संपल्या. त्यानं शेवटचा हातभर भाग बोटांनी चाचपून पाहिला. गुणाबाई स्वयंपाकघराच्या दाराआड, पदर तोंडात धरून.

"ही कमी दरात जाईल," मुनीम घडी घालत म्हणाला. "पुढच्या साड्या ह्या शेवटासारख्या उतरू देत."

ताणा मागावर राहिला. तम्माण्णानं चहा मागितला, साखर जास्त घालून. खळीबद्दल तो तेव्हाही बोलला नाही आणि पुढेही नाही, फक्त पुढचा ताणा गल्लीत पसरला तेव्हा रुक्माबाईला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला, "खळ झ्याक झालीया."

पुढच्या उन्हाळ्यात सत्याप्पानं उत्तरेच्या भिंतीत झरोका पाडला आणि गुणाबाईनं पेटीखालचं काचेचं कौल त्यात बसवायला लावलं. उजेडाचा चौकोन आता सरकत नसे, पण दिवसाचा बल्ब बंद झाला. वीज जायची तेव्हा शेजारचे यंत्रमाग गप्प व्हायचे आणि गल्लीत एकटा तम्माण्णाचा माग ऐकू यायचा. खानापूरहून तिनं तडे गेलेली मडकी आणवली, स्लॅबवर पालथी मांडून वर चुना ओतून घेतला. ऊन खाली यायचं कमी झालं. रुक्माबाई म्हणाली, "गुणाबाईच्या स्लॅबला आवाळू आलीत." दोन वर्षांनी तिनंही तशीच घातली, आणि कुणाला सांगू नका म्हणाली. ऐंशीच्या पुढे गल्लीत नवी घरं झाली, तेव्हा बायका गुणाबाईला बोलवायच्या. ती भिंतीला हात लावून बघायची आणि सल्ल्यापेक्षा शंका जास्त सांगायची.

चिखल्या पुन्हा आल्या, पूर्वीइतक्या नाहीत. सूज कधी यायची, कधी नाही. रोज सकाळी, चुलीला हात लावायच्या आधी, गुणाबाई खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून आतल्या मातीवर तळहात ठेवायची. ती गार लागली की उठून नवऱ्याच्या पायांशी जायची आणि घोट्यावर अंगठा दाबून बघायची.

"काय झालं?" तम्माण्णा डोळे न उघडता विचारायचा.

"काय न्हाय. निजा."

"माती बरी हाय?"

"बरी हाय."

"आन् मी?"

ती अंगठा उचलायची, आणि मांस भरून वर येतंय का ते बघत थांबायची.